तुर्रा-कलंगीचं पंचपण

निवाडा करायला बसवावा असा चेहरा देवानं मला दिला, आणि त्याला लागणारी अक्कल द्यायची राहून गेली. घारे डोळे, रुंद कपाळ आणि ऐकताना उगाच मान डोलवायची सवय, एवढ्या भांडवलावर मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी मध्यस्थ झालो आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. त्यातलं तुर्रा-कलंगीचं प्रकरण आमच्या घरात अजून निघतं. सहसा मी कुणाला काही समजावून सांगत असतो, तेव्हाच निघतं.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमचं निम्मं ऑफिस लाकडी पेट्यांत भरून गेलं. जे इंदुरात उरले ते एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत. साहेब कुणाशी हसून बोलले, तर हा वाचला की हाच आता भोपाळला चालला, यावर आमचा दुपारचा चहा निघायचा. मलाही ती सवय जडली. कुणी बरं वागलं की मी आधी कारण शोधायचो.

आम्ही पोलोग्राउंडच्या अलीकडे एका गल्लीत राहायचो. समोर वर्कशॉपांची ठकठक, मागे मोकळं मैदान. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्या मैदानात तुर्रा-कलंगीची बैठक व्हायची. आपल्याकडच्या शाहिरांचा कलगी-तुरा ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. माळव्यात तेच, फक्त बोली मालवी. तुर्रावाले म्हणणार शिव थोर, कलंगीवाले म्हणणार शक्ती थोर. दोन आखाडे, म्हणजे आपले फड, समोरासमोर बसतात. एकानं चंग नावाच्या डफावर थाप मारून गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, तेच यमक धरून, जागच्या जागी जवाब द्यायचा. सवाल घरून रचून आणलेला चालतो, जवाब नाही. मधूनमधून एकमेकांची यथेच्छ टर उडवायची. आखाड्यावर बोला, गुरूवर बोला, धंद्यावर बोला. घरच्या बायकामाणसांवर मात्र नाही.

त्या वर्षी जुने पंच आजारी पडले. आणि त्याच आठवड्यात मी चहाच्या गाडीवर तोंड उघडलं.

"आमच्या मराठीत बघा," मी म्हणालो, "कलगी-तुऱ्याचा निवाडा शास्त्रशुद्ध होतो. टाळ्या किती पडल्या यावर नाही."

वास्तविक मी कलगी-तुरा लहानपणी एकदाच पाहिला होता, आणि त्यातलाही बराचसा भाग वडिलांच्या मांडीवर झोपून. पण दोन दिवसांनी दोन्ही आखाड्यांची माणसं आमच्या ओट्यावर हजर.

"बाबूसाब, आप तो मराठी हो. आपको न तुर्रे से लेना, न कलंगी से देना. पंच आप बैठो."

आमची ही आतून म्हणाली, "नाही म्हणा." मी तोवर मान डोलावलेली होती.

दोन्ही बाजूंचे म्होरके माझ्या रोजच्या ओळखीचे. तुर्र्याचा गवई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सलून होतं तो. जिभेला वस्तऱ्याइतकीच धार. गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून कडवी रचायचा, त्यामुळे दाद न देणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नाही. कलंगीचा गवई म्हणजे आमचा दूधवाला. देपालपूरच्या रस्त्यावरच्या खेड्यातून यायचा. बोलणं कमी, आवाज मात्र असा की "दूऽऽध" म्हटलं की गल्लीतली झोपलेली पोरं उठून बसायची.

आणि प्रश्न होता त्याच्या चंगाचा. ते गोल, कातडी मढवलेलं वाद्य त्याच्या गुरूनं त्याला दिलेलं. गुरू पुढे वारला. आमच्या मैदानाचा रिवाज असा की हरणाऱ्याचा चंग वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी टांगायचा. बैठकीच्या दिवशी तो परत हातात मिळतो. पण लागोपाठ दुसऱ्यांदा हरला, तर तो चंग कायमचा गेला. आदल्या वर्षी कलंगी हरली होती. तेव्हापासून तो चंग सलूनमध्ये मोठ्या आरशाच्या वर टांगलेला होता. दाढीला मान वर केली की आधी तोच दिसे. दूधवाला रोज सकाळी त्या दुकानावरून जायचा, तेवढा तुकडा मान दुसरीकडे वळवून.

एवढं सगळं माझ्या एका शब्दावर, हे कळल्याबरोबर मला घाम फुटला. घामाबरोबर संशयही.

दुसऱ्या दिवशी दुधावर जाड साय आली.

"बघितलंस?" मी म्हणालो. "सुरू झालं."

"काय सुरू झालं? म्हैस बदलली असेल."

"बैठकीच्या तोंडावरच बरी बदलली!"

मी दूध बंद केलं. त्याच संध्याकाळी सलूनवाल्यानं दाढीनंतर डोक्याला फुकट मालिश करून दिली. उठताना मला वाटलं, माझ्या टाळूतून काहीतरी काढून घेतलं. मग सलूनही बंद. कोरा चहा पीत, दाढीचे खुंट वाढवून मी ऑफिसात जायला लागलो. तिथे लगेच चर्चा झाली की याला भोपाळचा हुकूम आला आणि यानं अन्न सोडलं. एका सहकाऱ्यानं तर माझं टेबल खिडकीजवळ असल्यामुळे ते मागूनही ठेवलं.

चार दिवसांत हिनं दूध पुन्हा सुरू केलं. "तुमच्या न्यायापायी पोरांनी काय प्यायचं?" मी अट घातली की मी दारात येणार नाही आणि दूधवाल्याशी एक अक्षर बोलणार नाही. ती अट मी काटेकोर पाळली, हे इथे नमूद करून ठेवतो.

पण माझ्यातला कारकून गप्प बसेना. सवाल घरून आणतात ना? मग ऐनवेळी दुसऱ्याचा रोख बघून कुणी तो बदलला, तर पंचाला कसं कळणार? आमच्या ऑफिसात असल्या गोष्टींना एकच औषध, आगाऊ सादर करावे. मी दोन्ही बाजूंना निरोप धाडला की पहिला सवाल पंचाच्या कानात आधी सांगून ठेवायचा. असा रिवाज मैदानात कधी नव्हता. दूधवाल्यानं आपला सवाल आखाड्यातल्या एका म्हाताऱ्याकरवी पोचवला. सलूनवाला स्वतः आला. इकडेतिकडे बघून वाकला आणि माझ्या कानात गुणगुणला:

"दीवो, बाती, तेल ने जोत, चारे बैठा लार,
कुण इनमें जेठो केवाय, बोल कलंगी यार?"

दिवा, वात, तेल आणि ज्योत, चौघं एकत्र बसलेत. त्यांत थोरला कोण? मला सवाल फार आवडला. इतका की रात्रभर तोच डोक्यात. सकाळी मी आतल्या खोलीत हिला तो चालीवर म्हणून दाखवला.

"आता सांग, थोरला कोण?"

"तेल," ही म्हणाली. "महाग तेच आहे."

"छे! चौघांतलं कुणीही घेतलंस की फसलीस. म्हणायचं, अंधार! तो सगळ्यांच्या आधीचा. कलंगीवाल्याला सुचलं तर मैदान मारील. पण कुठलं सुचतंय त्याला!"

हे मी हळू बोललो असं माझं मत. हिचं मत वेगळं आहे.

बैठकीच्या दिवशी दुपारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवसाचा रंग कुणाचाच धड उतरलेला नाही. जांभळे कान, हिरव्या माना. कोण कुणाच्या बाजूचा ते ओळखता येईना, म्हणून मी सगळ्यांवरच संशय ठेवला. एकीकडे तुर्र्याचं भगवं निशाण, दुसरीकडे कलंगीचं हिरवं. मध्ये माझी खुर्ची, तीही कुणी दिली ते विचारून मगच बसलो. बायका पलीकडच्या ओट्यांवर, आमची हीसुद्धा.

दूधवाल्याला त्याचा चंग मिळाला. त्यानं तो कागदाच्या जाळावर शेकला, कान लावून बोटानं वाजवून बघितला आणि मग मांडीवर घेतला.

पहिला सवाल त्याचाच. नदी वाहते ती काठामुळे, की काठ झाला तो नदीमुळे? तुर्रावाल्यानं अर्थात काठाची बाजू घ्यायची, कारण काठ अचल, म्हणजे शिव. सलूनवाला उठला. काय गायला! नर्मदा शिवाच्या घामातून कशी निघाली ते गायला, डोंगर गायला, घाट गायला, आणि वळून दूधवाल्याकडे बोट करून शेवटी म्हणाला की पाण्याची गोष्ट तूच रे काढणार, तुझा तर सारा धंदाच पाण्यावर चाललाय!

मैदान उलटंपालटं झालं. टोप्या उडाल्या. मी खुर्चीत वाकून वाकून हसलो, कारण सकाळच्या दुधाबद्दल आमच्या घरात हेच मत होतं. डोळे पुसताना मनात आलं की तुर्रा जिंकला. आणि लगेच दचकलो. अरे, हसलो ते पोट. निवाडा कुणी केला? गोंगाट निवला तेव्हा मी आठवायला लागलो की विचारलं काय होतं, आणि हा बोलला काय? नर्मदा झाली, डोंगर झाले, दूध झालं. काठ कुठे होता? मी ती शंका मनात तशीच धरून ठेवली. माझ्या सबंध पंचपणातलं शहाणपणाचं काम बहुधा तेवढं एकच.

आता सलूनवाल्याचा सवाल. दीवो, बाती, तेल ने जोत. लोक "वाह वाह" म्हणेपर्यंत दूधवाला उभा. श्वास घेतला नाही, विचार केला नाही:

"चारे से पेलां अंधारो, वोई सबको आधार,
माय की गोद अंधारी थी, जद नी थो संसार।"

चौघांच्या आधी अंधार, आणि तो अंधार म्हणजे आईची, म्हणजे शक्तीची, कूस! माझ्या अंगावर काटा आला. "अहाहा!" असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. इतकं सुंदर, इतकं नेमकं, जणू माझ्याच मनातलं. आणि दुसऱ्या क्षणी तो काटा तिथल्या तिथे थिजला. माझ्याच मनातलं होतं ते.

मैदान नाचत होतं. सलूनवाला मात्र दूधवाल्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्यानं हात वर केला. चंग थांबले.

"भिया," तो शांतपणे म्हणाला, "ये सवाल मैंने किसी चेले को नी बताया. एकी आदमी के कान में डाला था. वो आदमी कुर्सी पे बैठा है."

मग भगव्या निशाणाकडून आवाज आला, "बिक गया पंच!" दुसरा म्हणाला, "दाढी काय को बढ़ाई थी, अब समझा!" हा संबंध मला आजही लागलेला नाही. तिसरा चंगाकडे धावला. फसवून जिंकू पाहणाऱ्याचा चंग जप्त, त्यात वादच नको. दूधवाल्यानं चंग छातीशी धरला आणि दोन पावलं मागे सरला.

मी उभा राहिलो. पाय खुर्चीत अडकला, खुर्चीसकट उभा राहिलो.

"मी कुणाला काही सांगितलं नाही! मैंने इससे एक शब्द नहीं बोला! पंधरवडाभर मी दारातही गेलो नाही!"

तेव्हा ओट्यावरून हिचा आवाज आला. "अहो, दारात नाही गेलात. पण आतून ओरडत होतात की! तो बिचारा उंबऱ्यात दूध घालत होता."

सगळं मैदान ओट्याकडे वळलं. मग दूधवाल्याकडे.

"सुना था?" सलूनवाल्यानं विचारलं.

"सुना तो था," दूधवाला म्हणाला. "कान में उंगली डालता कि दूध नापता?"

"तो बताया क्यों नी?"

"किसको बताता? पंच को? वोई तो बोल रिया था."

यावर हसू फुटलं, पण त्यात माया नव्हती. भगवे म्हणत होते चंग ठेव. हिरवे म्हणत होते त्याचा काय दोष. मी मध्ये, दोन्हीकडच्या बोटांच्या टोकाशी. मला कुणाचाच भरवसा वाटेना. दूधवाल्यानं मुद्दाम वेळ साधून दूध घातलं की काय? हिला हे माहीत होतं तर आधी का नाही बोलली? सलूनवाल्याला हरण्याची भीती वाटली म्हणून तर हा तमाशा नाही ना? असं करत करत संशय फिरून माझ्यापाशीच आला. तो जवाब मला का आवडला? चांगला होता म्हणून, की माझा होता म्हणून? त्याचं उत्तर मला मिळेना. आणि जिथे पंचालाच मिळत नाही, तो जवाब मोजायचा कसा?

"हा सवाल बाद," मी म्हणालो. "जवाबही बाद. आता याच जागी नवा सवाल. माझ्या कानात कुणी काही सांगू नका."

"तुम्हारे कान में अब कौन बोलेगा?" कुणीतरी म्हणालं. पण दोन्ही बाजूंना ते पटलं. सलूनवाला तर हसला. ते हसू बघून मला दूधवाल्याची काळजी वाटली. सलूनवाल्यानं आपला चंग घेतला, मैदानाला एक फेरी मारली आणि बरोब्बर माझ्यासमोर येऊन थांबला:

"पंच हमारो फूट्यो ढोल, गली करे ऐलान,
बोल कलंगी, कुण है दोषी, जीभ के फेर कान?"

बोलणारी जीभ दोषी, की ऐकणारा कान? सापळा पक्का होता. जीभ म्हणावं, तर भर मैदानात पंचाला दोष दिला, आणि निवाडा अजून व्हायचाय. कान म्हणावं, तर चोरी कबूल.

दूधवाला उभा राहिला आणि गप्पच. बाकीचे चंग वाजत राहिले. रिवाजाप्रमाणे साथीदारांची ठेक्याची फेरी संपेपर्यंत जवाब आला पाहिजे. तो चंगाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. भगव्यांनी हुर्यो सुरू केली. फेरी संपत आली. मला वाटलं, गेला चंग. आणि माझ्यामुळे गेला, हे तो जन्मभर रोज सकाळी आमच्या उंबऱ्यात उभा राहून न बोलता सांगणार.

मग तो गायला:

"मूंडा के दो-दो किंवाड़ दिया, कान उघाड़ा जान,
माय ने तो आगल दी थी, भूल्यो वो नादान।"

आईनं तोंडाला दोन-दोन कवाडं दिली, ओठांचं आणि दातांचं. कान उघडे ठेवले. तिनं अडसर दिला होता. लावायला विसरला तो मूर्ख!

एवढा गदारोळ झाला की वर्कशॉपातली माणसं काम टाकून भिंतीवर चढली. ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमची ही पदरही न लावता.

मी खाली बसलो. आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला स्वस्थ वाटलं. दोघांनीही मला भर मैदानात मूर्ख ठरवलं होतं. एक फुटका ढोल म्हणाला, एक नादान. आता मला कुणाचंच देणं नव्हतं, आणि कुणाच्या कडव्यात माझं काही नव्हतं. होतो तो फक्त मी. यापेक्षा निःपक्षपाती पंच अख्ख्या माळव्यात सापडला नसता.

"जीभ तुर्र्याची भारी," मी सांगितलं. "टाळ्या तुर्र्याला जास्त. मी स्वतः जास्त हसलो तेही तुर्र्याच्या कडव्याला. पण विचारलं त्याचा जवाब कलंगीनं दिला. चाल तीच, यमक तेच, वेळेच्या आत, आणि आईलाही बरोबर घेऊन. कलंगी जिंकली."

"और नदीवाला जवाब?" भगवे उसळले. "सारा मैदान हिल गया था!"

"हललं," मी म्हणालो. "पण विचारलं होतं नदी की काठ. काठ कुठे आला ते सांगा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. एकजण डोंगरापर्यंत म्हणून थांबला, दुसरा दुधापर्यंत जाऊन थांबला. न जाणो, कुठेतरी आलाही असेल आणि मीच हसण्यात ऐकला नसेल! सलूनवाला डोळे मिटून आपलंच कडवं ओठांतल्या ओठांत म्हणत होता. शेवटापर्यंत गेला. मग डोळे उघडले.

"किनारा रह गया," तो म्हणाला.

त्यानंतर वाद राहिला नाही. तो स्वतः दूधवाल्यापाशी गेला. चंगाच्या दोरीला त्याच्या दुकानातल्या खिळ्याला अडकवायचा पितळी आकडा अजून तसाच होता. तो त्यानं सोडवून खिशात टाकला.

"ले जा," तो म्हणाला. "दीवार पे गोल निशान पड़ गया है, वहां कैलेंडर टांग दूंगा."

"टांग ले," दूधवाला म्हणाला.

मी जवळ गेलो. दोघांपैकी कुणीतरी चार शब्द बरे बोलेल अशी आशा होती. सलूनवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"फैसला सही है, भिया. पर अगले साल पंच दूसरा."

"इस बात पे तुर्रा-कलंगी एक," दूधवाला म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

सलूनवाल्यानंही त्याच्या पाठीवर थाप मारली. इतके सहज दोघं एक झाले की माझ्या मनात पुन्हा किडा वळवळला, यांचं आधीच काही ठरलेलं तर नव्हतं? विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. दूधवाल्यानं डोक्याचा फेटा सोडला, चंग त्यात गुंडाळला आणि बगलेत धरून सलूनसमोरच्याच रस्त्यानं निघाला. दुकानापाशी पोचल्यावर त्यानं मान दुसरीकडे वळवली नाही.